बाबांचे दोन ठोके

प्रिय नोरीनताई,

बोस्टनला येऊन तू आमच्या बँडचा कार्यक्रम ऐकलास, बरं वाटलं. पण नंतर सगळ्यांदेखत जे बोललीस, ते बोलायला नको होतं.

व्हायोलिनवर ती नाचाची चाल वाजवताना बाबा मधेच दोनदा पाय आपटायचे. मी इथे बँडला तेच शिकवलं. वीस वर्षं इथली आयरिश मंडळी लग्नात, मयतात त्याच जागी पाय आपटतात. आणि तू म्हणालीस, "अरे वेड्या, बाबा स्वयंपाकघरात शिरलेली कोंबडी हाकलायचे!"

बँजोवाला फर्गल माझ्याशी बोलत नाही. "म्हणजे वीस वर्षं मी कोंबडी हाकलतोय होय रे?" एवढंच म्हणाला.

हे पत्र मी टाकणार नाही; तू गावभर वाचून दाखवशील. पण कालचं सांगतो. काल आम्ही ठोके गाळायचं ठरवलं. ती जागा आली, आम्ही पाय रोखून बसलो, आणि अख्ख्या हॉलने धाडधाड पाय आपटले. मग फर्गलनेही. मी मात्र वाजवता वाजवता खुर्चीखाली वाकून पाहिलं, कोंबडी गेली का म्हणून.

तुझा वेडा भाऊ,
डेक्लन