आत्याच्या गोधडीतला परकर

ता. २ नोव्हें. ५८, शिरूर
दुकान बंदच. सिनेमाचं काम घेतल्यापासून गावातली गिऱ्हाइकं फुरंगटून बसलीत. नायिका दहा वर्षांची पोर ते सत्तरीची म्हातारी, सगळ्या वयांचे कपडे मीच शिवायचे. म्हातारीचे झाले, तरुणपणीचे झाले. पोरीचा परकर अडलाय. डायरेक्टरसाहेबांनी पुन्हा परत केला. "काळ्यापांढऱ्या चित्रात रंग दिसणारच नाही हो. पण कापड नवं आहे, ते कळतं. अंगावर पडत नाही, उभं राहतं." खरंय त्यांचं. म्हणून जास्तच राग आला.

ता. ५, खुटबाव
आत्याकडे आलो. सुशी तिची एकुलती एक, माझ्या बरोबरीची. दहाव्या वर्षी नदीत डुंबून आली, ती तापानं गेली. आत्यानं तिचा खणाचा परकर उसवून गोधडीत घातला. वरचं कापड विरलं की त्यावर दुसरं, मग तिसरं. तीस वर्षांत परकर पार आत गेला.
मागायला जीभ उचलेना. शेवटी मागितला. आत्यानं चुलीत लाकूड सारलं.
"पोरगी केवढी हाय ती?"
"दहाची."
"उसव मग. पर माघारी आणून दे. थंडीत ती जवळ लागती मला."
एकेक थर उसवून खण बाहेर काढला; आता त्याचा पुन्हा परकर शिवायचा. कापडभर आत्याच्या टाक्यांची बारीक भोकं. मऊ तर इतकं...

ता. १६, दौंड
भीमेच्या काठी शूटिंग. पोर पळाली आणि परकर अंगावर पडला, पडायला हवा तसा. साहेब खूश. आत्या भाकरी बांधून बघायला आलेली. पदर तोंडाशी धरून उभी होती. एकदाच बोलली, "नदीकडं जाऊ देऊ नगंस रं तिला."


ता. ३ डिसें., शिरूर
नायिकेचं काम करणाऱ्या बाई आजारी. शूटिंग थांबलं. एकदा चित्रात आलेला कपडा सिनेमा पुरा होईपर्यंत बाहेर जात नाही. पुन्हा तोच प्रसंग घ्यावा लागला तर? सगळे कपडे ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, ट्रंक मुंबईला. हा नियम मला काय ठाऊक नव्हता? आत्याला शब्द देताना डोकं कुठं गेलं होतं, देव जाणे.

ता. २०
थंडी फार. आत्याचा निरोप, "कवा आणतुस?"
तसाच जांभळा खण मिळवला. सोड्यात उकळला, दगडावर आपटला, उन्हात टाकला. पुन्हा तेच. आता तोही पडतो. मला स्वतःलाच फरक कळेना.

ता. ४ जाने. ५९, खुटबाव
दिला, जणू सुशीचाच. आत्यानं मांडीवर घेतला, बोटं फिरवली.
"ब्येस केलंयस. पर माझ्या सुईची भोकं कुठं हायती?"
जन्म शिवणात गेला आणि हे सुचलं नाही. एक थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "दोरा ओव." ओवून दिला. तिनं माझा खण गोधडीच्या आत घातला आणि शिवायला बसली. "तुझं बी असू दे. तिच्यासंगंच वाढलास की."
तीन बाजू शिवल्या. चौथी तशीच मोकळी.
"आन् ही?"
"ती आल्यावं शिवू."
बाहेर जाऊन रडलो.

ता. १९ फेब्रु.
पुण्याला सिनेमा कंपनीत जाऊन आलो. बाईंना बरं नाही अजून. ट्रंक मुंबईत नक्की कुठं आहे, कोणाला सांगता येईना. येताना खुटबावला उतरलो. थंडी सरलीय, तरी आत्या गोधडी घेऊनच बसलेली.  मीच म्हणालो, "बाई बऱ्या झाल्या की काम सुरू हुणार हाय."
तिनं मोकळी बाजू चाचपली.
"तवर पोरगी वाढंल की रं," म्हणाली. "परकर आखूड हुईल तिला."