चौफुलीवर चुकलेली मशाल

शेलाहू,
सप्टेंबर संपता संपता

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, ओतोनिएलचा, नमस्कार. वाकून केलेला आहे. वाकताना गुडघ्यातून जो आवाज झाला तो राजधानीपर्यंत ऐकू आला असेल, तर तोही गोड मानून घे. तुझी कंबर कशी आहे? दाजींची साखर खाली आली का, की तू देवळात गेलीस की ते अजूनही मागच्या गल्लीत उभ्या उभ्या गोड पाव खातात? (मी विचारलं असं सांगू नकोस. मागे सांगितलंस, तर पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी फक्त हवामानावर बोलत होते.) मी ठीक आहे. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर मी "ठीक" म्हटलं की तू गप्प बसतेस आणि त्या गप्प बसण्याला मला उत्तर सुचत नाही. पत्रात निदान तुला मध्येच गप्प बसता येत नाही.

तू पुन्हा लिहिलंस, की निंफाला जाऊन वर्ष होत आलं, एवढ्या घरात एकटा काय करतोस, शिवणाची खोली मोकळी केली आहे, ऊठ आणि आमच्याकडे राहायला ये. तुझी माया मला कळते, ताई. पण सध्या येणं शक्य नाही. मी मॅरेथॉनची तयारी करतो आहे. ती नोव्हेंबरात तुमच्या राजधानीतच आहे हे खरं, पण तयारी मात्र इथल्या उंचावरच्या विरळ हवेतच करावी लागते, असं आमच्या कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणतो. (तो स्वतः दुकानातून घरी जेवायला मोटारसायकलवरून जातो, आणि घर दुकानाच्या मागेच आहे. पण उंटावरच्या शहाण्याला उतरायला सांगणारे आपण कोण?) तुमच्याकडची हवा दाट. तिथे फुफ्फुसं आळशी होतात. दाजींकडे बघितलं की हे पटतं.

तू म्हणशील, जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेल्या, बस चुकली तरी पाऊल न उचलणाऱ्या माणसाला हे खूळ आलं कुठून? आलं खरं. सुरुवातीला मी गावातच पळायचो, पण आपल्या गावात पळणं म्हणजे दारोदार हजेरी लावणं. ओळखीच्या माणसाने दारातून हाक मारली की थांबून त्याची बायको, मुलं, गुरं यांची चौकशी केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुन्हा प्रत्येकजण माझ्याकडे बघताना मान जराशी वाकडी करतो. ते तू पाहिलं आहेस, अंत्यविधीला सगळ्यांनी केलं होतं. माणसं ते तोंड अजून माझ्यासाठी राखून ठेवतात, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बशीसारखं. म्हणून मी मोठ्या रस्त्याला लागलो. तिथे कोणी ओळखत नाही. कुत्री अंगावर येतात, पण त्यांच्या तोंडावर सहानुभूती नसते.

आता चौदा सप्टेंबरचं सांगतो, कारण ते कोणीतरी तिखटमीठ लावून तुझ्या कानावर घालणारच आहे. त्या दिवशी देशभर स्वातंत्र्याच्या मशाली पळतात हे तुला काय सांगायचं? शाळा, सूतगिरण्या, बाजारपेठा, जो तो लांबून कुठून तरी ज्योत पेटवून आपल्या गावी पळत नेतो, शिट्ट्या फुंकतो, आणि कडेला उभी असलेली माणसं त्याच्या अंगावर पिशव्या भरभरून पाणी फेकतात. माझा हिशेब सरळ होता. वर्षातल्या या एकाच दिवशी पळणाऱ्या माणसाकडे कोणी वळून बघणार नाही. म्हणून माझी सगळ्यात लांबची फेरी मी त्या सकाळी ठेवली, घरापासून साल्काहा गावातून चौफुलीपर्यंत आणि परत. हिशेबात एवढंच धरायचं राहिलं, की त्या दिवशी एकटं कोणीच पळत नसतं.

साल्काहात शिरलो आणि एका बाईने ओरडून सांगितलं, "अहो आजोबा, तुमची माणसं केव्हाच पुढे गेली!" थोडं पुढे गेलो तर एक गृहस्थ हातवारे करून म्हणाले, "पुढे कुठे चाललात? तुमची माणसं मागे राहिली!" कोणीतरी मला एका शाळेच्या घोळक्यात ढकललं, त्या मास्तरांनी मला पुढच्या घोळक्यात ढकललं. अख्खं गाव मला माझ्या माणसांपर्यंत पोचवायला निघालं होतं. बरं, पाणी म्हणशील तर घोळक्यावर फेकलेलं पाणी वाटून जातं. मी एकटा, त्यामुळे सगळं मला. भीक नको पण कुत्रं आवर अशी गत झाली. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंना दया आली. पाणी संपलं होतं म्हणून त्यांनी पेलाभर घरची फळांची दारू दिली. नाही म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं. (दुसरा पेला मात्र मी मागून घेतला, हे कबूल करतो. थंडी फार होती.)

चौफुलीवर वळसा घालून परत फिरणार, एवढ्यात राजधानीकडून एक जुनी बस आली. तिच्यापुढे हातमागाचं कोर्ते कमरेला गुंडाळून नेसलेली, पायात पोराचे बूट घातलेली एक भक्कम बाई मशाल घेऊन लंगडत होती. सान रामोनच्या बाजारातल्या बायकांची ही मशाल. आदल्या दिवशी निघालेल्या, आळीपाळीने पळून अर्धमेल्या झालेल्या, आणि बसमध्ये एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून घोरत असलेल्या. या बाईंचं नाव त्रान्सितो, धंदा बटाट्यांचा. त्यांच्या पोटरीत गोळा आला होता. मला बघून त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही ताजे दिसताय. धरा हो जरा." (मी ताजा नव्हतो, ओला होतो.) मी मशाल धरली. त्या बसमध्ये चढल्या, आणि बसल्या बसल्या त्यांचाही डोळा लागला.

मशालीपुढे बस जात नाही. मशाल पुढे, बस मागे, आणि ड्रायव्हरने ज्योतीवरून नजर काढायची नाही, ही रीत. मी निघालो. सान रामोनचा रस्ता कुठला हे मला माहीत होतं का? होतं. चौफुलीवरून उत्तरेकडे, मुलालाही विचारलं तर सांगेल. पण ही माणसं कुठली आहेत हे तेव्हा मी विचारलंच नाही. शेलाहूच्या माणसाच्या डोक्यातच येत नाही, की कोणी दुसरीकडे निघालं असेल. आणि खरं सांगू, ताई, विचारावंसं वाटलं नाही. मागे एवढी माणसं आहेत हे पाठीला कळत होतं. साल्काहातल्या ज्या बायकांनी मघाशी मला हाकललं होतं त्याच आता टाळ्या वाजवत होत्या. "सापडली बरं का यांना यांची माणसं," असं कोणीतरी म्हणालं. मी मान वर करून पळलो. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच माझे पाय दुखले नाहीत.

रोजच्या सवयीने मी आपल्या गल्लीत वळलो, आपल्या दाराशी थांबलो, दम घेतला आणि मागे वळून पाहिलं. बस दोन्ही भिंतींमध्ये अडकून उभी होती. दारातून त्रान्सितोबाई डोळे चोळत उतरल्या.

"काका, आमचा चौक कुठे आहे? मारिंबा वाजवणारे कुठे आहेत?"

"हे शेलाहू आहे," मी म्हणालो.

"ते दिसतंय. कुठे आणलंत आम्हाला?"

"घरी."

"कोणाच्या?"

बायकांनी मग ड्रायव्हरला धरलं. सेल्सो त्याचं नाव. तो शांतपणे म्हणाला, "मशाल जाईल तिकडे जायचं असं तुम्हीच सांगितलंत. मशाल शहाणी की वेडी हे बघायला मला कोणी सांगितलं नव्हतं." तिकडे सान रामोनच्या चौकात सरपंच, बँड, मारिंबा आणि वाफवलेल्या तामालांची पातेली सकाळपासून ताटकळत होती. इकडे बस मागे घ्यायची तर शेजाऱ्यांच्या फुलांच्या कुंड्या, दोऱ्यांवरचे कपडे आणि एक झोपलेलं कुत्रं हलवणं भाग होतं. मी म्हणालो, तोवर कॉफी घ्या.

ताई, आपल्या घरात किती कप आहेत हे मला त्या दिवशी कळलं. लग्नातले निघाले, जेलीचे पेले निघाले, निंफा ज्याने पीठ मापायची ते भांडंही निघालं. मशाल तिच्या नेच्याच्या कुंडीत उभी केली. (नेचा थोडा होरपळला, पण जगेल.) बायका स्वयंपाकघरात, अंगणात, जिन्यावर, माझ्या पलंगावर. एकीने माझा पळायचा सदरा पिळून वाळत घातला, दुसरीने डाळीचा डबा उघडून नाक मुरडलं. मला कोणी काही विचारत नव्हतं, सगळ्या मला कामाला लावत होत्या. मग त्रान्सितोबाईंनी विचारलं, "वहिनी दिसत नाहीत?"

मी म्हणालो, "बाजारात गेली आहे."

का म्हणालो, मला माहीत नाही. तोंडातून गेलं.

"आज?" त्या म्हणाल्या. "आज कुठला बाजार, काका? बाजार बंद आहे. बाजारवाल्या सगळ्या तुमच्याच घरात बसल्यात."

सगळ्या हसल्या, मीही हसलो. त्रान्सितोबाई हसल्या नाहीत. त्यांनी चुलीकडे बघितलं, तिथल्या एकाच वापरातल्या पातेल्याकडे बघितलं, आणि कप विसळायला घेतले. विसळता विसळता म्हणाल्या, "आल्या की सांगा त्यांना, तुमची कॉफी पातळ होते म्हणून." मी सांगतो म्हणालो.

ज्योत बसमधून न्यायची नाही, पायीच गेली पाहिजे. तेव्हा झालेली चूक पायांनीच निस्तरायची होती. बायका आळीपाळीने पळाल्या, मी शरमेपोटी चौफुलीपर्यंत सगळा रस्ता पळालो. साल्काहातली माणसं आता कट्ट्यावर खुर्च्या टाकून बसली होती. आमची मशाल उलटी येताना बघून त्यांना वाटलं, शेलाहूने स्वातंत्र्य परत केलं. चौफुलीवर त्रान्सितोबाईंनी माझ्या हातून मशाल घेतली आणि म्हणाल्या, "आता सरळ घरी जा, काका. वाटेत कोणाला मागे लावून घेऊ नका." बस उत्तरेला वळली. शिट्ट्या बराच वेळ ऐकू येत होत्या. मी कोबीच्या एका गाडीत मागे बसून परत आलो. अंगणभर कप पालथे घातलेले होते. अजून तसेच आहेत, कपाटात ठेवायला हात होत नाही.

असो. सांगायचा मुद्दा हा, की माझं उत्तम चाललं आहे, दिवस कसे जातात कळत नाही, आणि तयारी अर्धवट टाकून तुझ्याकडे राहायला येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. राग मानू नकोस. दाजींना नमस्कार, गोड पावाला आशीर्वाद.

तुझा,
ओतो

ता. क. शर्यतीचा रस्ता तुमच्या कोपऱ्यावरूनच जातो असं ऐकलं. मुद्दाम बघायला यायची अजिबात गरज नाही. आलातच तर पाणी फेकू नका. नुसती नावाने हाक मारली तरी पुरे.

ता. क. विरळ हवेबद्दल औषधवाल्याला पुन्हा विचारलं. तो म्हणतो, असं आपण कधी बोललोच नाही. त्याने मला फक्त पाठदुखीचं मलम दिलं होतं. तेव्हा तो मुद्दा बाद समज.

ता. क. ताई, पेटी केव्हाच भरून ठेवली आहे. राजधानीच्या गाडीची वेळ झाली की ती उचलून दारापर्यंत येतो, किल्ली कुलपात घालतो, आणि मग पेटी तिथेच ठेवून पळायला जातो. त्यालाच मी तयारी म्हणतो. पळायला जाताना दार नुसतं ओढून घेतलं तरी चालतं. कुलूप लावलं की निंफा आत राहते. माझ्या हाताने ते होत नाही. एकटं राहवतही नाही. तू एक दिवस ये. मी पेटी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो, कुलूप तू लाव.