घंटेचा दोर

हाम्बुर्ग, जून १७७१

प्रिय आफ्रा,

अक्षर वेडंवाकडं आहे, पण लिहायला तूच शिकवलंस, तेव्हा निम्म्या चुका तुझ्या. इथे मी बेरेन्ड नावाच्या तांबटाच्या हाताखाली चर्चच्या मनोऱ्यावर चढतो. टोकापासून जमिनीपर्यंत आम्ही तांब्याची पट्टी ठोकतो, वीज तिच्यावरून उतरून मातीत जाते. मीही आधी हसलो होतो. म्हटलं, मालक, विजेला वाट दाखवणारे आपण कोण? म्हणाले, नाही दाखवली तर ती माणसातून जाते, गाढवा.

मागच्या आठवड्यात वादळ आलं. वीज मनोऱ्यावर कोसळली तेव्हा समोरच्या ओट्यावर मी गुडघ्यांवर बसलो. मग चर्चमध्ये जाऊन पाहिलं, तर बाकावर मांजर झोपलेलं. त्याने एक कान तेवढा हलवला. मालक हसत सुटले. मला मात्र आपल्या गावचा मनोरा आठवला, आणि ढग पांगवायला घंटा वाजवणारे मातेसकाका.

परवा बंदरावर आपल्याकडचा कल्हईवाला भेटला. काका गेले म्हणाला, हातात दोर असतानाच. गाव म्हणतं, घंटा उशिरा वाजवली म्हणून वीज पडली. उशिरा नाही गं. भिजलेल्या दोरावरूनच ती खाली आली. आता दोर लोरेन्त्सकडे आलाय, आणि पहिला ढग दिसताच धावेन असं तो सांगत फिरतो म्हणे. फिरणारच. तुझा नवरा नाचातसुद्धा तुझ्याकडे माझ्याआधी धावला होता.

नुसतं नको म्हणून तो थांबणार नाही. आणि थांबला, तर गाव सुगीला घंटेच्या मोबदल्याच्या पेंढ्या देणार नाही, गारा पडल्या तर दोष तुमच्याच दारात. मला का ठाऊक नाही?

म्हणून हे लिहितोय. बेरेन्ड मालकांकडे लोरेन्त्सचं नाव सांगून ठेवलंय. त्यांना एकच माणूस पोसवतो. दोन शिव्या घालून का होईना, कबूल झाले. माडीवर खोली आहे, खिडकीतून गलबतं दिसतात. हे पत्र मिळताच दोघं निघा, सुगीची वाट पाहू नका. मी उद्या कोपनहेगनला जातोय. माझा पाय एका जागी ठरत नाही, हे तुला माहीतच आहे. फक्त खोली कोणाची होती ते त्याला सांगू नकोस. माझं नाव ऐकलं तर तो गावातच राहील, आणि दोर सोडणार नाही.

तुझाच असं लिहायची आता सोय नाही, तरी तोच,
उल्रिख