मोठ्या पिनेतली तार

१९ फेब्रुवारी २००८, मुक्काम जाम

भंगारवाल्याने पोतंभर मेलेले माऊस आणि कीबोर्ड आणून टाकले. कुठला तरी कॉम्प्युटर क्लास बंद पडला म्हणे. चपट्या तोंडाचे, म्हणजे यूएसबीचे, ठेवून घेतले. गोल तोंडाचे परत. दोन माऊसच्या वायरी उंदरांनीच खाल्लेल्या. आईंना सांगितलं माऊस म्हणजे उंदीर, तर पदर तोंडाला लावून हसल्या. बऱ्याच दिवसांनी.

दुपारी बसून केबली केल्या. वायर सोलली की आत चार रंग. नुसतं मोबाईलचं चार्जिंग करायचं तर लाल-काळी पुरे. एका टोकाला यूएसबीचं तोंड, दुसऱ्या टोकाला जळलेल्या चार्जरची बारीक पिन. सोल्डर केल्यावर जोडावर सायकलच्या व्हॉल्व्हची नळी चढवायची. टेप उन्हात सुटते, नळी सुटत नाही. ही यांची रीत. घरात वायरिंग करतानाही हे प्रत्येक जोडाला नळीच चढवायचे. लोक म्हणत, वायरमन आहे की सायकलवाला.

चौकातला पानठेलेवाला म्हणतो ट्रकवाले विचारतात. त्यांना ट्रकच्या बॅटरीवर चार्जिंग करणारा डबाही पाहिजे. जुन्या टीव्हीतला तीन पायांचा आयसी, पत्र्याचा तुकडा, मेलेल्या कॉम्प्युटरमधला यूएसबीची खाच. एक करून पाहिला. तापतो. पत्रा मोठा पाहिजे.

२ मार्च

शेजारच्या जिजाताईंची ज्योती बाळंतपणाला आली. पुंडलिकभाऊंनी लेकीसाठी नवा कूलर आणला. जिजाताई बोलवायला आल्या, "येजो वो सुमन, पाह्यजो कसा आहे." भाजी गॅसवर आहे म्हटलं. भाजी नव्हती.

त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "माह्या ध्यानातच नाई राह्यलं, माय."

मे महिन्यात यांना जाऊन वर्ष होईल. सकाळी हे कूलरमध्ये पाणी टाकायला गेले, अनवाणी. बादली पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, हातातून सुटली.

सगळे म्हणाले मोटर खराब होती. कूलर त्याच आठवड्यात भंगारात घातला.

११ मार्च

रात्री वादळ. गारा. आमच्या घराची पोलवरची तार तुटून अंगणात पडली. अंधारात काम नाही.

१२ मार्च

दुपारी लाईनवाले आले, तार जोडून गेले. मी लगेच बसले, चौकात केबली द्यायच्या होत्या. प्रत्येक केबल आपल्या जुन्या कॉम्प्युटरला लावून बघितल्याशिवाय देत नाही. केबल खोचायला खाच चाचपली, हात पत्र्याला लागला आणि

स्टुलासकट मागे.

आईंनी हाका मारल्या ते ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. पायात रबरी चपला होत्या म्हणून. फक्त म्हणून.

टेस्टर लावला. कॉम्प्युटरच्या पत्र्यावर दिवा पेटतो. यूएसबीच्या तोंडावर पेटतो. केबलीच्या दुसऱ्या टोकावर पेटतो. या कॉम्प्युटरने कधी साधी झिणझिण दिली नव्हती. बाकीच्यांचे देतात. आपला देत नाही याचं मला कौतुक होतं.

कॉम्प्युटरची पिन काढून ठेवली. 

१३ मार्च

मेन बंद केला. टेस्टर लावून खात्री केली. बोर्ड उघडला.

सॉकेटला तीन भोकं. वरचं मोठं, मोठ्या पिनेचं. मोठी पिन मशीनच्या पत्र्याला जोडलेली असते. तिची तार जमिनीत जायला पाहिजे. अर्थिंगचा खड्डा, मीठ, कोळसा, पाईप. आमच्याकडे ती तार जमिनीत गेलेलीच नाही. बोर्डातल्या बोर्डात वितभर तुकडा घालून परतीच्या, म्हणजे न्यूट्रलच्या तारेला जोडलेली.

परतीच्या तारेत एरवी झटका देणारा करंट नसतो. म्हणून झिणझिण त्यातून निघून जाते, लोक खूश. पण पोलवर दोन तारा अदलाबदल जोडल्या गेल्या, तर परतीची तार तीच करंटची. मग सगळा करंट सरळ पत्र्यात. फ्यूज उडत नाही, काही नाही. मशीन छान चालतं. फक्त हात लावायचा नाही.

परवा वादळ, काल तार जोडली, पत्र्यावर टेस्टर पेटला.

गेल्या मे महिन्यातही आदल्या संध्याकाळी वादळ होतं. तार जोडली होती. सकाळी कूलर. आणि दुपारी, हे अजून ओट्यावर ठेवलेले असताना, लाईनवाले परत आले, पोलवर चढले, काहीतरी केलं आणि कोणाशी न बोलता गेले. तेव्हा वाटलं, किती माणुसकी, विचारायला आले.

मोटर खराब नव्हती.

संध्याकाळी

एक गोष्ट दुपारी लिहिली नाही. त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना काळी नळी आहे. व्हॉल्व्हची.

१४ मार्च

स्वयंपाक केला. जेवले नाही. कूलरच्या खिडकीजवळचा बोर्ड वर्षभर उघडा राहिला, कोणी बघितलं नाही, मीही नाही. त्यातही तसाच तुकडा. तीच नळी, तिरपी कापलेली. हे ब्लेडने तिरपीच कापत.

वाईट कशाला करतील. कॉम्प्युटर झिणझिणतो, फ्रिज झिणझिणतो अशी तक्रार यायची. खड्डा खणायचा म्हटलं की लोक म्हणत, "एवढ्याशा झिणझिणीले खड्डा काऊन?" मग हे पाच मिनिटांत थांबवून द्यायचे. लोक म्हणत, भाऊचा हात. भाऊच्या हातात गुण आहे.

पानठेल्यापासून मारुतीच्या पारापर्यंत सगळी घरं त्यांच्या हातची.

सगळी.

१५ मार्च

आईंना सांगितलं. वायर दाखवली. आधी त्यांना कळलं नाही. मग कळलं.

"माह्या पोरानं सोताले मारलं म्हणतं तू?"

तसं नाही म्हटलं, आई.

"मंग कसं?"

त्यांनी वायर बाजूला सारली. म्हणाल्या, "काढ त्या वायरी. जिथं जिथं असन तिथं काढ. पण त्याचं नाव घेऊ नको. गेला, आता नावच तं राह्यलं त्याचं."

होय म्हटलं.

१८ मार्च

आपल्या घरातले तुकडे काढून सुरुवात केली. दारोदार. "उन्हाळा लागला, बोर्ड पाहून देते, पैसे नको." लोकांना यांची आठवण झाली. एका घरी चहा, एका घरी डोळ्यांत पाणी. "भाऊ असते तं भाऊच आले असते." मी मान हलवते आणि पेचकस फिरवते.

प्रत्येक बोर्डात तुकडा. काळी नळी. काढते, पिशवीत टाकते. 

पुंडलिकभाऊंचा बोर्डही केला. ज्योतीचं बाळ आठ-दहा दिवसांचं. झोळीत. झोळीचा खांब कूलरला लागून. लोखंडी.

२८ मार्च

लोक आता ओरडायला येऊ लागले. फ्रिज झिणझिणतो. टीव्हीची पेटी झिणझिणते. पिठाच्या गिरणीचा मालक रस्त्यात म्हणाला, "बाई, तुम्ही मोबाईलच्या दोऱ्या वळा. भाऊनं केलेलं कशाले बिघडवता?" चारचौघं हसली.

खड्डा खणून घ्या, मीठ-कोळसा मी टाकून देते, असं सांगते. कशासाठी ते सांगता येत नाही. म्हणून कोणी खणत नाही. नुसतं "झिणझिण जाईल" एवढ्यासाठी यांच्या वेळीही कोणी खणलं नाही.

आमच्या अंगणात मात्र मी खणला. आईंनी स्वतः मिठाचं पातेलं आणून दिलं. बोलल्या नाहीत.

५ एप्रिल

चौकातून डबे परत आले. पानठेलेवाला म्हणे, "लोक म्हणतात तुमच्या हातचं करंट मारते." एकही केबल विकली नाही. यांच्या नावाला जपायचं तर माझं जातं. ते जाऊ दे.

पण आज दुसरंच ऐकलं. गिरणीवाल्याने हिंगणघाटहून कोणी वायरमन बोलावला आणि तुकडा परत बसवला. मग त्यालाच धरून आणखी तीन घरांनी बसवून घेतला. "भाऊसारखं करून दे," असं सांगून.

भाऊसारखं.

९ एप्रिल

पारा चढला. दुपारी आभाळही आलं.

जिजाताईंकडे बाळाला बघायला गेले. कूलर चालू. झोळी पत्र्याला टेकलेली, ज्योतीचा हात झोळीच्या दोरीवर. सवयीने विचारलं, झिणझिण आहे का?

पुंडलिकभाऊ खाटेवरून म्हणाले, "आता नाई. म्या सोताच जोडला तुकडा. भाऊ करत तेव्हा बाजूले उभा राहून पाह्यलं होतं म्या. तू काढला, पोरीले झिणझिणे येत होते. रागावजो नको, पण तुले भाऊची अक्कल नाई येनार."

जिजाताई म्हणाल्या, "असं बोलता का जी तिले?"

"काऊन? भाऊचं नाव घेतलं तं वाईट आहे का?"

दूर कुठेतरी गडगडलं. मला फक्त पोलवरची ती तार दिसत होती.

मी म्हटलं, भाऊजी, तो तुकडा यांनीच शोधला, यांनीच गल्लीभर लावला, आणि आमच्या घरात लावलेल्या तुकड्यानेच हे गेले. वादळात तार उलटी जोडली गेली, कूलरमध्ये करंट उतरला. मोटर खराब नव्हती. पुन्हा वादळ आलं तर या कूलरमध्ये उतरेल.

कूलर घरघरत होता.  ज्योतीने दोरीवरचा हात हळूच उचलला, जसं काही दोरीला कळू नये.

मग जिजाताई उठल्या. अनवाणी निघाल्या होत्या. मी ओरडले. त्या थांबल्या, चपला घातल्या आणि भिंतीवरचं बटण दाबलं. बाळ गरमीने उठून रडायला लागलं.

पुंडलिकभाऊ माझ्याकडे बघत म्हणाले, "तू भाऊचं असं सांगतं वो? त्याची बायको असून?"

 पेचकस मागितला. त्यांनी दिला नाही. नाहीही म्हणाले नाहीत.

घरी आले तर दार आतून लावलेलं. दोन घरांत एकच भिंत, आईंनी सगळं ऐकलं असणार. कडी वाजवली. आई म्हटलं. दोनदा.

ओट्यावर बसून लिहिते आहे. वाऱ्याने पानं उडतात. गिरणीकडचे कूलर चालू आहेत, इथून आवाज येतो.

आत्ता आतून आवाज आला.

"जिजीनं कूलर बंद केला काय?"

केला, म्हटलं.

"आन् बाकीच्याइनं?"

नाही अजून, म्हटलं.

कडी निघत नाही. वही ओट्यावर ठेवते आणि गिरणीकडे निघते.