रोजचा भाव

किसुमू, रविवार

ओगुतू बाळा,

कतारला जाताना तू मला घेऊन दिलेले साखर कारखान्याचे शेअर निम्म्यावर आलेत. दलालाच्या ऑफिसातली अपोंडी फोनवर रोज डाफरते, "आजोबा, सारखा भाव काय विचारता? नवख्यांची खोड आहे ही! पडलेल्या शेअरला कवटाळून बसू नका, विकून मोकळे व्हा."

"बघतो. उद्या विचारतो."

"विचारा! आणि जेवलात का? मासा आणलात, की आजही नुसती मक्याच्या पिठाची उगाली?"

शेअर विकले, तर उद्या तिला फोन कशासाठी करू?

हे पत्र टपालात टाकणार नाही. तूही लगेच 'विका' म्हणशील.

आज बाजार बंद. म्हणून तुझ्याशी बोलत बसलोय.

तुझा बाबा