व्हर्नासकट पहिले

मिनेसोटा, रविवार

माझ्या काळजीखोर आईला बर्फातून खूप खूप प्रेम.

लुईझियानाच्या उबेत बसूनही तुझा जीव टांगणीला लागला असेल, म्हणून आधीच सांगते: मी धडधाकट आहे आणि आम्ही शर्यत जिंकलो!

या शर्यतीत इथल्या उद्यानात नकाशा घेऊन बर्फातून खुणा शोधत जायचं असतं; वाट आपली आपण निवडायची. संघातल्या तिघांनी मिळून शेवटची रेषा ओलांडली तरच शर्यत पूर्ण धरतात. माझ्यासोबत खाटीककाम करणारा ओडेल आणि साठीतली नर्स व्हर्ना होती.

आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. तेवढ्यात ओढ्यावरचा बर्फ फुटला आणि व्हर्ना गुडघ्यापर्यंत पाण्यात गेली. कुडकुडत म्हणाली, "मला सोडा, तुम्ही पळा."

"सोडलं तर आपण बाद," ओडेल म्हणाला, "आणि वर तू जन्मभर ऐकवशील. बूट काढ!"

मी माझ्या पायातले कोरडे मोजे काढून तिला घातले. तोवर दोन संघ पुढे निघून गेले. मग मी ओढ्याकाठची वळणाची वाट सोडून सरळ टेकडी चढायचं ठरवलं. बर्फ मांडीपर्यंत होता. व्हर्ना शिव्या घालत होती, पण थांबली नाही. माथ्यावरून पाहिलं, तर ते दोन्ही संघ अजून खाली वळणावरच, आता आमच्या मागे! आम्ही हातात हात धरून घसरतच रेषेपार गेलो.

माझ्या पायाची दोन बोटं जरा बधिर आहेत, पण व्हर्ना येऊन तपासून जाते. बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना सांग, थंडी सोसणार नाही म्हणून ज्या लेकीला ते इकडे पाठवत नव्हते, तिच्या गळ्यात आज पदक आहे.

तुझीच,
सेलेस्टीन