मिटवल्याचा नारळ

अण्णा, या वर्षी तुमच्या फोटोला हार घातला नाही. विसरले नव्हते, मुद्दाम घातला नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमचा राग येतो, आणि आज तो बोलून दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुम्ही पोलिसातले बीट जमादार. डोंगरकड्याच्या अंगाची सगळी गावं तुमच्या एकट्याच्या फटफटीवर. कुठे नवऱ्याने बायकोला बडवलं की तुम्ही जायचात, त्याच्या दोन कानाखाली ठेवून द्यायचात, त्याला तिच्यासाठी साडीचोळी घ्यायला लावायचात आणि मारुतीपुढे नारळ फोडून घ्यायचात. झालं, मिटलं. गुन्हा नाही, कोर्ट नाही. अर्धा नारळ आमच्या स्वयंपाकघरात यायचा. आई विळीवर खोबरं खवते आहे, विचारते आहे, "आज कोनाचं मिटवलं?" आणि तुम्ही मिशीतल्या मिशीत हसता आहात. ती चटणी मला फार आवडायची, त्याचाही आता राग येतो. एकदा जेवताना मी विचारलं, गुन्हा काहून लिहीत न्हाई तुमी? ताट सरकवून केवढ्याने ओरडलात माझ्यावर! "इतकी गावं अन् मी एकटा. समद्यायचं लिहीत बसलो तर फिरू कवा?" फिरत होतात, खरंय. पण तुमची फटफटी वळली की त्या घराचं दार आतून लागायचं. मग तिथे कोण होतं, अण्णा?

आता त्याच गावांची मी फौजदार आहे. परवा तुमच्या बीटमधली एक बाई एसटीने ठाण्यात आली. मनगट सुजून काळंनिळं झालेलं, हात पदराच्या झोळीत. मागोमाग तिचा नवरा आणि गावची मोठी माणसं जिपेतून उतरली. एकाच्या पिशवीत नारळ. "मॅडम, मिटवून टाका. तुमच्या वडलानं बी ह्यायचं असंच मिटवलं व्हतं, बराबर याच रीतीनं."

बाईने मान वर केली. "व्हय, मिटवलं व्हतं. जमादार म्हनले, पोरी, नांदून घे. मी नांदले. लेकीचं लगीन होईस्तोवर मार खाऊन नांदले. आता न्हाई."

मी गुन्हा दाखल केला, नवऱ्याला आत बसवलं आणि त्या मंडळींना नारळासकट बाहेर काढलं. तुमचं नाव घेऊन आलेल्यांना हाकलताना मला फार बरं वाटलं. हे तुम्हाला कळायलाच हवं.

दवाखान्यात प्लॅस्टर घालून ती परत आली आणि बाकावर बसली. मी तिच्या भावाला फोन लावला, तर तो म्हणाला, "आमच्याकडं जागा न्हाई." बायकांना ठेवून घेणारी संस्था लांब शहरात, आणि ठाण्याची एकुलती एक जीप दुसऱ्या टोकाला बांधावरच्या भांडणात अडकलेली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, आता मी जाऊ कुठं?"

तेव्हा माझ्या जिभेवर तुमचेच शब्द आले, अण्णा. नांदून घे. मी ते गिळले आणि तिला घरी घेऊन आले. आत्ता ती स्वयंपाकघरात एका हाताने भाजी निवडते आहे. मी नको म्हटलं, ऐकत नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही. फाडून चुलीत घालीन. उद्या दुसरी आली तर तिला कुठे ठेवायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.